पाकीट कोण फोडणार?

‘लिलाव’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या ‘लेलांव’ची गोव्याच्या किनाऱ्यावर थोडी मोडतोड झाली आणि तो ‘लिलाव’ होऊन घाट चढून वर आला. त्याच गलबतातून बटाटा आला, पाव आला, चावी आली आणि ‘पगार’ हा शब्दही आला. पगार आणि लिलाव एकाच बोटीने यावेत हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. मध्यमवर्गीय माणसाचं सगळं आयुष्य या दोन शब्दांच्या मधल्या जागेत जातं. पहिला वेळेवर होत राहिला की दुसरा होत नाही.

त्यामुळेच की काय, आपल्या घरांतून ‘लिलाव’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारायची पद्धत आहे. ‘त्यांच्या घराचा लिलाव झाला म्हणे,’ हे वाक्य कुजबुजूनच बोलायचं असतं. खेड्यात अजून ‘हर्रास’ म्हणतात, तो शब्द अरबांकडून फिरत फिरत आला. गोव्याच्या देवळांतून उत्सवातल्या वस्तूंची ‘पावणी’ होते, तिथे मात्र बोली चढवणाऱ्याला पुण्य लागतं. बाकी सर्वत्र लिलाव म्हणजे कुणाचं तरी बुडालं, एवढाच आपला अर्थ.

आता गंमत अशी, की हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाचा आज सकाळपासून चार-दोनदा तरी लिलाव होऊन गेलेला आहे. दचकू नका. तुम्ही फोनवर ‘गुडघेदुखीवर उपाय’ असं टाइप केलंत, आणि उत्तरं दिसायच्या आत, पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळात, तुमच्या गुडघ्यावर बोली लागली. तेलवाले, पट्टेवाले, शस्त्रक्रिया करणारे, सगळे हजर होते. हातोडा पडला. कुणीतरी तुमचं लक्ष विकत घेतलं. तुम्हाला त्यातलं काही मिळालं नाही, कारण तुम्ही गिऱ्हाईकही नव्हता आणि विक्रेतेही नव्हता. तुम्ही माल होता.

हा लिलाव कोणत्या नियमाने होतो, तो नियम कुणी काढला, आणि त्यात खोट कुठे आहे, याची हकीकत मला गेल्या काही महिन्यांत बरीच वाचायला मिळाली. ती मोठी मजेदार आहे. तिच्यात एक रोमन बादशहा आहे, एक इंग्रज कारकून आहे, एक जर्मन महाकवी आहे आणि व्याख्यानात झोपणारा एक प्राध्यापक आहे. (शेवटची व्यक्ती सर्वसामान्य वाटेल. पण सहसा श्रोते झोपतात.)

बादशहाला लवकर उरकून घेऊ, कारण त्याचं राज्यही लवकरच उरकलं. इ. स. १९३ च्या मार्च महिन्यात रोमच्या शरीररक्षक पलटणीने पर्टिनॅक्स या बादशहाला ठार मारलं आणि गादी विक्रीला काढली. आत, छावणीत, मेलेल्या बादशहाचा सासरा सल्पिसियानस बोली लावतो आहे, आणि बाहेर, तटाशी, दिदियस ज्युलियानस नावाचा श्रीमंत गृहस्थ उभा आहे. मधे शिपाई निरोप पोचवताहेत, ‘ते इतके म्हणतात, तुम्ही किती?’ आपल्याकडे वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्यामधला मध्यस्थ करतो तेच. सासरा दर शिपायामागे २०,००० सेस्टर्सपर्यंत चढला. ज्युलियानसने हजार-पाचशे न वाढवता एकदम ५,००० वाढवले, ओरडून सांगितलं आणि वर बोटांनीही करून दाखवलं. गादी त्याला मिळाली. ६६ दिवस. मग सेव्हेरस फौज घेऊन आला आणि ज्युलियानसचं मुंडकं उडालं.

लिलावात जिंकणारा बहुधा का पस्तावतो, हे शास्त्रशुद्ध सांगायला मात्र १९७१ साल उजाडावं लागलं, आणि ते सांगितलं अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनियरांनी. समुद्राखाली तेल किती आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. प्रत्येक कंपनी अंदाज करते. ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, त्याची बोली सगळ्यांत मोठी, आणि म्हणून विहीर त्याची. म्हणजे जिंकलास याचाच अर्थ तू सगळ्यांत जास्त चुकलास. याला ‘विजेत्याचा शाप’ असं भारदस्त नाव आहे. तुळशीबागेत दुकानदाराने पहिल्याच भावाला ‘घ्या’ म्हटलं की आमच्या सौ.चा चेहरा पडतो, तो याच शापाने. पुढची तीन दुकानं ती पुटपुटत असते, ‘अजून कमी सांगायला हवं होतं.’

इंग्रज कारकून हा माझा विशेष आवडता. सॅम्युएल पीप्स. इंग्लंडच्या आरमाराच्या कचेरीत तो नोकरीला होता आणि रोज रात्री लघुलिपीत रोजनिशी लिहीत असे. कचेरीत काय झालं, काय खाल्लं, कुणाशी भांडलो, सगळं. अशा माणसाची कचेरीला फार भीती असली पाहिजे. तर त्या काळी आरमाराची जुनी जहाजं मोडीत काढायची झाली की ‘इंचभर मेणबत्ती’ची पद्धत होती. टेबलावर इंचभर मेणबत्ती पेटवून ठेवायची. ती जळत असेपर्यंत बोली लावायची. विझण्याआधीची शेवटची बोली ज्याची, जहाज त्याचं. पीप्सने हा प्रकार १६६० च्या नोव्हेंबरात प्रथम पाहिला. आणि ३ सप्टेंबर १६६२ रोजी, ‘वेमथ’, ‘सक्सेस’ आणि ‘फेलोशिप’ अशी तीन जहाजं विकली जात असताना, त्याला एक गोष्ट दिसली.

सुरुवातीला कुणी तोंडच उघडत नाही. सगळे छताकडे बघताहेत. (सोसायटीच्या सभेत ‘चिटणीसपदासाठी नावं सुचवा’ म्हटल्यावर होतं तसं.) मेणबत्ती विझायला आली की मात्र एकच गलका, आणि विझल्यावर ‘माझी बोली आधी, तुझी नंतर’ म्हणून भांडणं. पण त्या गर्दीत एक बेरकी माणूस असा, की शेवटची बोली दर वेळी नेमकी त्याचीच. पीप्सने त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे कसं काय? तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली वळतो. तो वळला की मी ओरडतो.

पीप्सला ही युक्ती फारच गोड वाटली आणि त्याने ती रोजनिशीत टिपून ठेवली. मला त्या बेरकी माणसाचं कौतुक याचसाठी वाटतं, की तिथे सगळे बोलीकडे बघत होते आणि हा एकटा मेणबत्तीकडे. नियम मेणबत्तीने ठरत होता ना! मग बघायचं ते मेणबत्तीकडेच.

आता कवी. १७९७ च्या जानेवारीतली गोष्ट. गटे, म्हणजे ज्याने आपल्या ‘शाकुंतला’ची मनापासून स्तुती केली, तो. (ते डोक्यावर घेऊन तो नाचला ही आपली लाडकी दंतकथा, तिला हात लावण्याचं धाडस मी करणार नाही.) त्याचं ‘हेर्मान आणि डोरोथेआ’ नावाचं दीर्घकाव्य लिहून पुरं होत आलं होतं, आणि बर्लिनचा फीवेग नावाचा प्रकाशक ते छापायला उत्सुक होता. प्रश्न आला मानधनाचा.

इथे मराठी लेखकांनी जरा सावरून बसावं. आपल्याकडे या प्रश्नाची उकल फार सोपी आहे. प्रकाशक चहा मागवतो, कागदाचे भाव सांगतो, आपण त्याचं सांत्वन करून घरी येतो. गटेची अडचण अशी होती, की आपली पुस्तकं किती खपतात हे प्रकाशकाला ठाऊक असे आणि लेखकाला नसे. (ही अडचण जर्मनीपुरती किंवा १७९७ पुरती मर्यादित नाही, असं काही लेखक म्हणतात.) जास्त मागावं तर प्रकाशक पळेल, कमी मागावं तर तो मनात हसेल. आणि गटेला नुसते पैसे नको होते. प्रकाशकाच्या लेखी आपली खरी किंमत काय, हे त्याला एकदा कळून घ्यायचं होतं.

म्हणून त्याने एक शक्कल लढवली. एका कागदावर आपला आकडा लिहिला, पाकीट मोहोरबंद केलं आणि ब्योटिगर नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाकडे ठेवायला दिलं. प्रकाशकाला कळवलं: आता तू तुझा आकडा सांग. तुझा आकडा माझ्या आकड्याहून कमी निघाला, तर पाकीट न फोडता परत येईल आणि बोलणी संपली. तुझा आकडा जास्त निघाला, तर मला तेवढे नकोत. पाकिटात लिहिलेत तेवढेच दे.

या पत्राकडे क्षणभर बघत राहावं असं ते आहे. प्रकाशकाने आता काय करावं? त्याच्या मनात काव्याची किंमत, समजा, १,५०० असली, तर त्याने १,२०० सांगण्यात काय फायदा? द्यायचे आहेत ते पाकिटातले. कमी सांगून पैसे वाचत नाहीत, फक्त काव्य हातचं जाण्याचा धोका वाढतो. आणि १,८०० सांगावेत, तर पाकिटात १,७०० निघाले की बसला खड्ड्यात. म्हणजे चारी बाजूंनी विचार केला तरी फायद्याचा आकडा एकच, मनातला. प्रकाशकाला खरं बोलायला लावणारं यंत्र! शपथ नको, गीतेवर हात नको, अंतःकरणाला आवाहन नको. खरं बोलणं हेच स्वस्त पडेल अशी नुसती मांडणी करून ठेवलेली.

पाकिटात आकडा होता १,००० थेलर. त्या काळाच्या मानाने भरघोस.

फीवेगचं उत्तर आलं. त्याने बरोबर १,००० थेलर देऊ केले होते.

इतकं बरोबर उत्तर आलं की गणिताच्या मास्तरांना संशय येतो, तसा तो पुढच्या संशोधकांनाही आला. मोल्दोव्हानू आणि टीट्झेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. झालं होतं ते असं, की ब्योटिगरसाहेबांनी प्रकाशकाला पत्र लिहून किती सोन्याची नाणी देऊ केली म्हणजे बेताचं होईल ते मित्रत्वाने सुचवलं होतं. त्या नाण्यांचा हिशेब नेमका १,००० थेलर होत होता. गटेला त्याचे पैसे मिळाले. पण ज्यासाठी एवढा घाट घातला, ती प्रकाशकाच्या मनातली किंमत त्याला कधीच कळली नाही. महाकवीने जगाला पहिल्या दर्जाचं यंत्र दिलं आणि ते एका ‘तुमच्या-माझ्यात राहू दे’ने बंद पडलं.

या ब्योटिगरला पुढे अनेक अवतार घ्यायचे आहेत, म्हणून त्याचं नाव लक्षात ठेवा.

पहिला अवतार पोस्टाच्या तिकिटांच्या बाजारात दिसतो. अमेरिकेत १८९३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावच्या तिकीटविक्रेत्यांनी टपालाने लिलाव चालवला. तुम्ही पत्राने आपला आकडा कळवायचा. सगळ्यांत मोठा आकडा ज्याचा, तिकीट त्याला. पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याहून जेमतेम वर. ही गटेचीच कल्पना, फक्त मोहोरबंद पाकिटाच्या जागी इथे दुसरा गिऱ्हाईक. तिकिटं जमवणाऱ्यांत ही पद्धत रुळली आणि तिच्याबरोबर कुरबुरही रुळली. पत्रं उघडतो कोण? विक्रेता. माझा आकडा १०० आणि त्याच्या पाठचा ६०, हे मला सांगतो कोण? विक्रेताच. त्याने ‘पाठचा ९८ होता हो,’ म्हटलं तर मी कुठे बघायला जाणार?

आमच्या सोसायटीची गच्चीवरची जुनी लोखंडी टाकी विकायची ठरली, तेव्हा तत्कालीन चिटणिसांनी ‘पारदर्शकता’ हा शब्द चार वेळा वापरून बंद पाकिटं मागवली होती. पाकिटं त्यांच्याच घरी, देवघराखालच्या कपाटात, आठ दिवस मुक्कामाला होती. टाकी ज्यांना गेली त्यांचा आकडा दुसऱ्या नंबरापेक्षा बरोबर अकरा रुपयांनी जास्त होता, आणि ते गृहस्थ चिटणिसांचे साडू होते. अकरा हा शुभ आकडा असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

आता प्राध्यापक. विल्यम व्हिक्री हे कोलंबिया विद्यापीठात शिकवत. दुसऱ्याचं व्याख्यान सुरू झालं की ते डोळे मिटून घेत, मान खाली जाई, आणि अखेरीला डोळे उघडून ते असा प्रश्न विचारत की व्याख्यात्याची झोप उडावी. १९६१ साली त्यांनी एक निबंध छापला. बंद पाकिटांच्या लिलावात जिंकणाऱ्याने स्वतःचा नव्हे तर दुसऱ्या क्रमांकाचा आकडा द्यावा, असा नियम केला, तर प्रत्येकाने मनातली खरी किंमत लिहिणं हेच त्याच्या हिताचं ठरतं, हे त्यांनी गणिताने दाखवलं. आंब्याची पेटी मला १,२०० रुपयांची वाटते. मी १,२०० च लिहितो. दुसऱ्याने १,००० लिहिले असतील तर पेटी मला १,००० ला पडते. शहाणपणा करून मी ९०० लिहिले, तर आंबे शेजारी खाणार आणि साली माझ्या खिडकीखाली टाकणार. ईर्ष्येला पेटून १,५०० लिहिले आणि शेजाऱ्याने १,४०० लिहिले असतील, तर १,२०० च्या आंब्यांना १,४०० मोजून वर ‘गोड आहेत नाही?’ असं स्वतःलाच विचारत बसावं लागणार.

निबंध छापून झाला, आणि जगाने पस्तीस वर्षं सावकाश विचार केला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी व्हिक्रींना नोबेल जाहीर झालं. ते ८२ वर्षांचे होते. तीनच दिवसांनी, एका परिषदेला मोटार चालवत निघाले असताना, ते वाटेतच गेले.

त्यांच्या हयातीतच या नियमाची एक जाहीर फजिती होऊन गेली होती. १९९० साली न्यूझीलंड सरकारने आकाशातल्या लहरींचे हक्क याच पद्धतीने विकायला काढले. गिऱ्हाइकं थोडी आणि हक्क भरपूर. एका कंपनीने १,००,००० डॉलरची बोली लावली. दुसऱ्या क्रमांकाची बोली होती ६ डॉलर. नियम म्हणजे नियम. कंपनीने ६ डॉलर भरले. दुसरीकडे ७० लाखांच्या बोलीवर ५,००० मिळाले. एका लहान शहराच्या दूरदर्शन परवान्यासाठी ओटॅगो विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने १ डॉलरची बोली लावली. दुसरी बोलीच नव्हती, म्हणून त्याला परवाना फुकट मिळाला. गणित कुठेच चुकलं नव्हतं. पण ‘तुम्ही १,००,००० चा माल ६ ला विकलात’ हे वर्तमानपत्रात वाचणाऱ्या करदात्याला गणित समजावून सांगायला कोण जाणार?

त्यानंतर अमेरिकेने १९९४ मध्ये लहरी विकल्या त्या उघड फेऱ्यांनी. ही रचना स्टॅनफर्डच्या पॉल मिलग्रम आणि रॉबर्ट विल्सन यांच्या डोक्यातून निघालेली. या गुरुशिष्यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. दोघं समोरासमोरच्या घरांत राहतात. मिलग्रम रात्री फोन बंद करून झोपलेले, म्हणून नोबेल समितीला ते सापडेनात. शेवटी विल्सन आणि त्यांच्या सौ. रस्ता ओलांडून गेले आणि मध्यरात्री बेल वाजवून ‘अरे ऊठ, तुला नोबेल मिळालंय’ म्हणून त्यांना उठवलं. शेजारधर्म म्हणतात तो हा.

आपल्याकडे लहरींच्या बाबतीत दोन्ही प्रयोग झाले. २००८ च्या जानेवारीत ‘पहिला येईल त्याला’ असा नियम होता, आणि दिल्लीच्या संचार भवनात बड्या कंपन्यांची माणसं हातात कोट्यवधींचे धनाकर्ष घेऊन अक्षरशः ढकलाढकली करत धावली. नियम पळण्याला बक्षीस देतो म्हटल्यावर माणसं पळणारच. त्यात त्यांचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ते १२२ परवाने रद्द केले. मधे २०१० साली थ्रीजीसाठी उघड लिलाव झाला होता. ३४ दिवस, १८३ फेऱ्या, आणि सरकारच्या पदरात सुमारे ६७,७१९ कोटी रुपये. तिथे कुणी पळालं नाही. सगळे खुर्चीत बसून घामाघूम झाले.

आता संगणकाकडे वळू. पियेर ओमिद्यार नावाच्या तरुणाने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं. पुढे त्याचं ‘ईबे’ झालं. त्यावर पहिल्यांदा विकली गेली एक मोडकी लेझर कांडी, १४ डॉलर ८३ सेंटला. ओमिद्यारने घेणाऱ्याला कळवलं, ‘अहो, ती मोडकी आहे, कळलंय ना?’ तर तो म्हणाला, ‘मी मोडक्या लेझर कांड्याच जमवतो.’ आमच्या माळ्याला आता भवितव्य आहे, हे मी ही हकीकत वाचून सौ.ला सांगितलं. तिने माळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ‘मोडक्या वस्तूंना भाव येतो तर!’ एवढंच म्हणाली.

आणि हे ‘ऑक्शनवेब’ सुरू झालं तो दिवस कोणता? ३ सप्टेंबर १९९५. पीप्सच्या त्या बेरकी माणसाला ३३३ वर्षं झाली, त्याच तारखेला. (मधल्या काळात इंग्रजांनी पंचांग बदललं, हे मला ठाऊक आहे. पण इतका चांगला योगायोग पंचांगासाठी सोडायचा नसतो.)

ईबेचा नियम जवळजवळ व्हिक्रींचाच. तुम्ही तुमचा वरचा आकडा एकदा सांगून ठेवा. यंत्र तुमच्या वतीने, दुसऱ्याच्या जेमतेम वर राहील इतपतच, बोली चढवत जाईल. म्हणजे शांतपणे खरं सांगावं आणि झोपी जावं. पण माणसं झोपेनात! लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो म्हटल्यावर सगळे घड्याळाकडे डोळे लावून शेवटच्या क्षणाला झडप घालू लागले. माझा भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. तिथून एक जुना कॅमेरा घेताना मी त्याला पाहिलं आहे. शेवटच्या मिनिटाला तो श्वास रोखून बसला होता.

मी विचारलं, “अरे, तुला किती द्यायचेत ते आत्ताच लिहून टाक की.”

“मामा, आत्ता लिहिलं की बाकीच्यांना कळतं ना, या मालात दम आहे म्हणून.”

“मग कधी लिहिणार?”

“चार सेकंद उरली की.”

धूर खाली वळला की ओरडायचं!

ऑल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये यावर सुरेख अभ्यास छापला. त्या वेळी ॲमेझॉनही लिलाव चालवत असे, पण तिथला नियम वेगळा होता. अखेरीला कुणी बोली लावली की मुदत आपोआप वाढायची आणि दहा मिनिटं कुणीच बोललं नाही तरच लिलाव संपायचा. म्हणजे मेणबत्ती विझायला आली की तिला नवी जोडायची. परिणाम? ईबेवर शेवटच्या क्षणी झडपा, ॲमेझॉनवर फारच कमी. आणि ईबेवरही संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावात झडपा जास्त. कारण खरी पितळी समई कोणती आणि परवा ओतलेली कोणती हे ज्याला कळतं, तो जाणकार आधी बोली लावून आपलं ज्ञान फुकट वाटत नाही. आपल्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करत, ते याचसाठी. शेजारच्याला कळू नये. शेतकऱ्यालाही पुष्कळदा कळत नसे, हा त्यातला जादा फायदा. पुढे बाजार समित्या आल्या आणि उघड लिलावाचा आग्रह आला.

(ईबेने मुंबईची ‘बाझी’ ही कंपनी २००४ मध्ये विकत घेऊन आपल्याकडेही दुकान मांडलं होतं. ते २०१८ मध्ये बंद झालं. भाव बांधलेला असेल तर घासाघीस करणारे आणि भाव खुला असेल तर ‘शेवटचं किती ते सांगा’ म्हणणारे आपण. आपल्यापुढे यंत्राचं काय चालणार?)

राहता राहिला तुमचा गुडघा. शोधताना दिसणाऱ्या जाहिरातींचा लिलाव प्रथम ‘गोटू’ नावाच्या कंपनीने १९९८ मध्ये सुरू केला. जो जास्त देईल तो वर, आणि बोलला तेवढे त्याने द्यायचे. दोन जाहिरातदार एकमेकांवर एकेक सेंट चढवत वर जायचे, मग एक कंटाळून धाडकन तळाला उडी मारायचा, मग दुसराही त्याच्या एक सेंट वर येऊन बसायचा, आणि पुन्हा चढाई. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसे. दिवसरात्र हेच. गूगलने २००२ मध्ये नियम बदलला. तुम्ही तुमच्या खालच्याच्या आकड्याइतकेच, जेमतेम वर, द्या. करवत थांबली. सगळ्यांना वाटलं, व्हिक्री जिंकले.

पण २००७ मध्ये एडलमन, ऑस्ट्रोव्हस्की आणि श्वार्झ यांनी दाखवून दिलं, की हा दिसतो व्हिक्रींचा पण तो व्हिक्रींचा नाही. जागा एकच असेल तर खरं बोलणं फायद्याचं. जागा अनेक असतील तर दुसऱ्या नंबरची जागा जवळजवळ तितकीच गिऱ्हाइकं आणून पुष्कळ स्वस्तात पडू शकते, आणि तिथे थोडं कमी सांगणंच शहाणपणाचं ठरतं. चौकातलं दुकान आणि चौकापासून चार पावलांवरचं दुकान यांच्या भाड्यातला फरक ज्याने मोजला आहे त्याला हे गणित येतं.

आणि ब्योटिगर? तो आता यंत्रात बसला आहे. पाकिटं गूगलकडेच जातात, फोडतं गूगलच, आणि दुसरा आकडा किती होता हे सांगतंही गूगलच. वॉशिंग्टनच्या न्यायालयात शोधयंत्राच्या मक्तेदारीचा जो खटला चालला, त्यात हा लिलाव आतून कसा चालतो याची बरीच चर्चा झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल कंपनीविरुद्ध दिला. प्रतिस्पर्धी नसल्याच्या बळावर तिला जाहिरातींचे दर चढवता येत होते, असं त्यात नोंदलं आहे.

मोहम्मद अकबरपूर आणि शेंगवू ली या दोन तरुण अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये नेमका हाच ब्योटिगर गणितात पकडला. विक्रेत्याला लिलावातून जास्तीत जास्त कमाई हवी असेल, तर तीन चांगल्या गोष्टी त्याला एकाच लिलावात मिळत नाहीत, असं त्यांनी सिद्ध केलं. एक, सगळं एका फटक्यात उरकणं. दोन, बोली लावणाऱ्याला डोकं न खाजवता खरं सांगता येणं. आणि तीन, लिलाव करणाऱ्याला लबाडी करायला वावच नसणं. यांतल्या कोणत्याही दोन घ्या, तिसरी सोडा. व्हिक्रींच्या पाकिटात पहिल्या दोन आहेत, तिसरी नाही. लासलगावला कांद्याच्या ढिगाभोवती उभं राहून व्यापारी ओरडतात, तिथे दुसरी आणि तिसरी आहे, कारण शेवटचा प्रतिस्पर्धी कुठे गप्प झाला ते शेतकऱ्यालाही ऐकू येतं. फक्त वेळ लागतो आणि घसा बसतो. आमच्या टाकीची पाकिटं पहिल्या जातीची होती. ‘जो जास्त लिहील त्याने तेवढेच द्यायचे’ या साध्या लिलावात दुसऱ्याचा आकडा फुगवून सांगण्याची सोय नसते, असं ली आणि अकबरपूर म्हणतात. साडूंचा विचार त्यांच्या गणितात केलेला नाही.

दुसऱ्यांच्या पानांवरच्या जाहिरातींचा जो लिलाव गूगल चालवतं, तिथे २०१९ मध्ये त्यांनी दुसऱ्या आकड्याचा नियम सोडून दिला आणि ‘बोलाल तेवढे द्या’ हा जुना नियम परत आणला. त्याबरोबर ‘मनात आहे त्याहून किती कमी लिहावं’ हे ओळखून देणारी यंत्रंही बाजारात आली, आणि जाहिरातदार ती पैसे मोजून वापरतात. परवा भाचा आला होता. त्याने कंपनी बदलली आहे. नवीन जागी काम काय, म्हणून विचारलं.

“हेच, मामा,” तो म्हणाला. “कमी किती सांगायचं, ते.”

स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, “याचा पगार देतात?”